७५ मिलिमीटरचा तुकडा

देवगड,
जानेवारीची अखेर

प्रिय मंजू,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर गेलं नाही, त्याचा राग नंतर काढ. आधी हे वाच. ही गोष्ट इथे कुणाला सांगितली की समोरचा मान डोलावतो आणि औषधाच्या दुकानाकडे वळतो. तू मात्र कागद ओढून आकडे मांडशील, म्हणून तुलाच लिहितेय. आईचा गुडघा तसाच, दादाची साखर आटोक्यात, मी ठणठणीत. तब्येतीचं एवढंच.

खालच्या वाडीतल्या एका आंब्याच्या बागेत मोहोर करपलाय. भुरी रोगाने नव्हे, फवारलेल्या औषधाने. तुऱ्याच्या ज्या टोकाला पाणी उतरून थांबतं, नेमके तिथे तपकिरी चट्टे. आणि त्याच कलमाच्या आतल्या फांद्यांवर तुडतुडे खुशाल उड्या मारतायत. एकाच झाडावर औषध जास्तही पडलंय आणि पोचलंही नाही. वर दगडी गडग्यापलीकडच्या घरात दिवसभर फवारणीचा वास. सगळ्यांचं निदान एकच: ‘औषद बनावट असतला, डोस वाढय.’ डोस आधीच दुप्पट होता गो!

औषधात खोट नाही, ब्लोअरच्या तोंडात आहे. हवेच्या झोताने औषध उडवणाऱ्या पाठीवरच्या ब्लोअरचं पुढचं प्लास्टिकचं तोंड उन्हाने कडक होतं आणि गडग्यावर आपटलं की तडकतं. मूळ तोंड आतून ६३ मिलिमीटर. तडकल्यावर नवं मागवायला वेळ कोणाला? प्लंबिंगच्या दुकानातून आतून ७५ भरणारा पीव्हीसीचा तुकडा आणायचा, क्लिपने आवळायचा आणि मोहोर वाचवायला पळायचं. नळी तशीच, इंजिन तसंच, आवाजही तसाच. त्यामुळे काही बदललंय हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकाने केलं, चाललं, म्हणून दुसऱ्याने केलं. या वाडीत असे तुकडे आता बरेच झालेत आणि मला झोप लागत नाहीय ती यामुळे.

आकडे बघ. असा पंखा मिनिटाला साधारण १५ घनमीटर हवा देतो, म्हणजे सेकंदाला पाव घनमीटर. ६३ च्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर, वेग सेकंदाला ८० मीटर. ७५ च्या तोंडाचं ४४, वेग ५७. तोंड मोठं झालं की पंख्याला अडथळा कमी होऊन हवा थोडी जास्त निघते, पण ही तूट त्याने भरत नाही. आता वेबर आकडा लाव, म्हणजे हवेचा रेटा आणि थेंबाला धरून ठेवणारा पृष्ठताण यांचं गुणोत्तर. हवेची घनता १.२, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२, आणि वेबर आकडा १२ च्या खाली आला की हवा थेंबाला फोडू शकत नाही. ८० च्या वाऱ्यात टिकणारा सर्वात मोठा थेंब ११२ मायक्रॉनचा. ५७ मध्ये तोच २२० चा. व्यास दुप्पट, आकारमान आठपट.

तू लगेच बोट वर करणार की ही झाली टिकण्याची मर्यादा, सरासरी थेंब वेगाच्या वर्गाने बदलत नाही. बरोबर आहे. पाण्याचा पातळ पडदा करून तो हवेने फोडणाऱ्या नोझलसाठी एल-शनावानी आणि लेफेव्हर यांचं १९८० चं सूत्र घेतलं, तर वेग घटेल तसा सरासरी व्यास वेगाच्या साधारण १.२ घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे आपल्याकडे दीडपट. तरीसुद्धा तेवढ्याच पाण्यात थेंबांची संख्या तिसऱ्या हिश्श्यावर येते! तुडतुड्याला औषध लागायचं तर थेंब त्याच्या वाटेत हवा. संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आणि प्रत्येक थेंबातलं औषध दुप्पट कडक, याने मोहोर करपतो, तुडतुडा मरत नाही.

आणि फवारणीचा वास? थेंब मोठे झाले तर ते खाली पडायला हवेत, वाऱ्यावर जाणारे कमी व्हायला हवेत, असं कोणीही म्हणेल. त्यासाठी ओठापाशी, म्हणजे पडदा जिथून सुटतो त्या नोझलच्या कडेपाशी, काय होतं ते पाहावं लागतं. सकाळच्या तिरक्या उन्हात, मागे काळं कापड धरून, फोनवर सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने ते बऱ्यापैकी दिसतं. दोन चित्रांमध्ये हवा ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे थेंबांच्या नुसत्या रेघा उमटतात. पण पडद्यावरच्या लाटा हवेच्या वेगाने जात नाहीत. पाणी आणि हवेच्या घनतांच्या वर्गमुळांचा भार लावून वेग काढलास तर सेकंदाला ३ मीटरच्या जरा वर येतो. दोन चित्रांत जेमतेम १३ मिलिमीटर. म्हणून लाटा दिसतात, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत, मंजू.

आधी पडद्यावर आडव्या सुरकुत्या उठतात. केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी ज्या अस्थिरतेबद्दल लिहिलं तीच ही, फक्त त्या दोघांच्या साध्या गणितात हवेचा वेग पडद्याला टेकताच एकदम बदलतो, आणि इथे तो एका पातळ थरातून बदलतो. लाटेची लांबी त्या हवेच्या थराच्या जाडीवर आणि घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. पाणी-हवेसाठी ते वर्गमूळ साधारण २९. लाटेचा माथा वर आला की वारा त्याला पुढे ढकलतो. जड पाण्याला हलकी हवा रेटते तेव्हा रेली-टेलरची अस्थिरता जागी होते आणि माथ्याला बोटं फुटतात. बोटांचे धागे होतात, धाग्यांचे थेंब. आणि जिथे वारा कमी पडतो तिथे धागा होण्याऐवजी पाण्याचा तुकडा शिडासारखा फुगतो. मधला पडदा काही मायक्रॉनचा, कडेला जाड गोट. मधला भाग फुटला की अगदी बारीक धुकं उडतं, आणि त्या गोटाचे जाड थेंब होतात. साधारण निम्मं पाणी तर त्या गोटातच असतं.

म्हणजे वेग कमी केला की सगळं जाड होत नाही. जाड आणि बारीक दोन्ही एकदम निघतात, मधलं हवं तेच निघत नाही. जाड थेंब तुऱ्याच्या टोकाला गळतात आणि धुकं गडग्यापलीकडे जातं. एकाच झाडावर करपलेला मोहोर, जिवंत तुडतुडे आणि शेजारी वास, या तिघांचं कारण एक. हे जुळलं तेव्हा तुझी फार आठवण झाली.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचीस, टर्ब्युलन्स, हवेतली खळबळ, म्हणजे नुसता गोंगाट, थेंब ठरवते ती सरासरी. मी म्हणायचे, गोंगाटच ठरवतो. हॉस्टेलच्या गच्चीवर आपण दोघी इतक्या मोठ्याने भांडलो की मेसच्या मावशी लग्नाचं काही बिनसलंय समजून वर आल्या आणि आपल्याला कांदेपोहे देऊन गेल्या. तुझं अर्धं मी आज मान्य करते: थेंबाचा आकार मुख्यतः सरासरी वेगाचा. पण पडदा कुठे फाटेल, किती वेळाने फाटेल आणि थेंबांच्या आकारात किती पसारा असेल, ते हवेतल्या खळबळीवर जातं. हवेत आधीपासून टर्ब्युलन्स असेल तर लाटांची वारंवारता वाढते, हे प्रयोगात मोजलं गेलंय. तुझ्या चाचणीच्या रिगवर जाळ्यांतून सरळ करून घेतलेली हवा येते, तिथल्या लाटा रांगेत उभ्या राहतात. ब्लोअरची हवा पंख्यातून निघते, कोपऱ्यात वळते, वळ्या असलेल्या लवचिक नळीतून घुसळत येते. तिथे रांग कसली!

आणि नुसती खळबळ असती तर चाललं असतं. नळी वाकवून धरली की तोंडाच्या एका अंगाने हवा जोरात आणि दुसऱ्या अंगाने सुस्त येते. सुस्त बाजूचा पडदा जाड फुटतो. म्हणून तोंडाआधी सरळ नळी हवी, व्यासाच्या आठ-दहा पट, म्हणजे ५० ते ६० सेंटिमीटर. हे लोक तडकलेला भाग कापून टाकताना सरळ नळीही आखूड करतात, ‘हातात हलकी बसता’ म्हणून. हवेचा वेग गेला तो गेलाच, वर हवा एका अंगाला कलंडली.

पडद्याचंही तसंच. मूळ नोझलमध्ये पाणी बारीक भोकांतून कडेवर पसरतं आणि धारेवरून सुटतं. पाण्यात मिसळणारं गंधक वापरलं आणि टाकीची गाळणी काढून ठेवलेली असली, की अर्धी भोकं लिंपतात. मग उरलेल्या दोन-तीन भोकांतून पडद्याऐवजी सरळ धार येते. धारेच्या मधल्या पाण्यापर्यंत हवा पोचत नाही. टाकीतून खाली जाणारं पाणी मात्र तेवढंच दिसतं, त्यामुळे फवारणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. संध्याकाळी स्वच्छ पाणी घालून पाच मिनिटं ब्लोअर चालवायचा आणि भोकं तारेने नव्हे, नायलॉनच्या दोऱ्याने साफ करायची, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलेय. तारेने भोक मोठं होतं, कडेला खरबरीत टोकं उठतात, आणि त्या टोकांना धरून पुन्हा धार लागते.

ओठाची जाडी हा तर वेगळाच विषय. पडदा ओठापर्यंत पातळ येतो खरा, पण ओठ बोथट असला तर तिथे पाणी थांबून साठतं आणि त्या साठ्यातून फुटतं. मग मागे पडदा कितीही पातळ कर, थेंब ठरतो ओठाच्या जाडीवर आणि वाऱ्यावर. पीव्हीसीच्या तुकड्याची कड आरी-पात्याने कापलेली, तीन मिलिमीटर जाड, वर खरबरीत. हातात घेऊन अंगठा फिरवला तर कळतं.

आणखी एक गोष्ट इथल्या उंच कलमांची. साध्या ब्लोअरला वेगळा पंप नसतो. पंख्याची थोडी हवा टाकीत सोडून पाण्यावर दाब देतात, बस. हा दाब किती? ८० मीटर वेगाच्या हवेचा दाब काढ: ३८४० पास्कल, म्हणजे पाण्याचा ३९ सेंटिमीटर स्तंभ. शेंड्याकडे फवारायला तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर हातभर उचललं की जवळजवळ सगळा दाब त्या उंचीतच खपतो. धार मंदावते. टाकी अर्धी झाली की आणखी मंदावते. म्हणजे जिथे औषध न्यायचं त्या शेंड्यालाच सर्वात कमी, आणि खालच्या फांद्यांना भरपूर. आणि ५७ च्या वेगाला तो स्तंभ २० वर येतो. उंच कलमांना बूस्टर पंप बसवलेलाच ब्लोअर घ्यावा, नाहीतर शेंड्यासाठी सरळ एचटीपीची, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाची, गन वापरावी. हो, तुझी लाडकी गन! पाणी जास्त जातं हे माझं म्हणणं कायम आहे, पण शेंड्याला पोचते हे खरं.

पाणी किती निघतं ते मोजण्याची माझी रीत लिहून ठेव, तुझ्या पोरांना उपयोगी पडेल. टाकी खुणेपर्यंत भरायची. ज्या उंचीवर तोंड धरून फवारणार त्याच उंचीवर धरून घड्याळ लावून एक मिनिट चालवायचं. मग मापाने पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालायचं. जेवढं घातलं तेवढं निघालं. तोंड खाली धरून मोजलेला आकडा वर धरल्यावर लागू नाही.

स्टिकरचा, म्हणजे औषध चिकटावं-पसरावं म्हणून त्यात घालतात त्या द्रव्याचा, उल्लेख केला नाही तर तू विचारशीलच. स्टिकर घातला की पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून (वरचा ०.०७२ तोच) ३० च्या आसपास येतो, मग थेंब आपोआप बारीक होतील, असं दुकानदार सांगतात. तसं होत नाही. तो ३० चा आकडा शांत पाण्याचा. ओठावर नवा पृष्ठभाग तयार होऊन तो फाटेपर्यंत काही मिलिसेकंदच जातात. स्टिकरचे रेणू तेवढ्यात तिथे पोचत नाहीत, त्यामुळे फुटताना पाण्याचा ताण पुष्कळसा जुनाच असतो. थेंब तुऱ्यावर बसल्यावर मात्र स्टिकर पसरायला मदत करतो. त्यासाठी जरूर घालावा.

बारीक थेंबाचं वेडही नको. १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला २८ सेंटिमीटर खाली येतो. तीन मीटरवरून यायला त्याला ११ सेकंद लागतात आणि सेकंदाला दोन मीटरच्या वाऱ्यात तो २० मीटरहून लांब जातो. ५० मायक्रॉनचा सेकंदाला साडेसात सेंटिमीटर. वर दुपारी ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असली की ५० चा थेंब चार सेकंदांत सुकतो, १०० चा सोळा सेकंदांत. तो झाडावर पोचतो ते ब्लोअरच्या झोतावर स्वार होऊन. झोत सुटला की तो वाऱ्याचा. म्हणून सकाळी मतलई, जमिनीकडून येणारा वारा, पडत आली असताना आणि खारा वारा सुरू व्हायच्या आत फवारणी उरकायची. मोहोर पूर्ण फुललेला असेल तर थांबायचं, माश्या आणि मधमाश्या तेव्हाच काम करत असतात. दुप्पट डोसाचं धुकं त्यांच्यावर बसलं तर कणी धरायची कुठून? आंब्याच्या फळधारणेत माश्यांचा वाटा किती मोठा, हे बागायतदाराला सांगावं लागू नये.

आता तुझ्याकडचं काम. ओरडू नकोस. मला तुझ्या लेथवर एक कडी हवी. पितळेची चालेल, डेलरिनची, त्या कडक प्लास्टिकची, असेल तर उत्तम, हलकी आणि औषधाने खात नाही. आतला व्यास ४० मिलिमीटर, भिंत दोन मिलिमीटर, पुढच्या कडेला निमुळती होत ओठाशी ०.३. ही ६३ च्या तोंडाच्या मधोमध तीन पातळ पायांवर बसेल. पाणी मागच्या अंगाच्या गोल खाचेत येईल आणि दीड मिलिमीटरच्या सोळा भोकांतून आतल्या बाजूला पसरेल. दोन भोकांत आठ मिलिमीटर अंतर पडतं, ते पुढच्या दहा-बारा मिलिमीटर लांबीत जुळून एकच पडदा व्हावा ही अपेक्षा. मिनिटाला दीड लिटर धरलं तर भोकांत वेग सेकंदाला ०.९ मीटर, आणि त्यातून ढकलायला दहा-अकरा सेंटिमीटर पाण्याचा दाब. आहे त्या ३९ मध्ये बसतं. मधोमध बसवण्याचं कारण तुला ठाऊक आहे: पडदा ओठावरून सुटताना हवा त्याच्या दोन्ही अंगांनी पळायला हवी. तोंडाच्या भिंतीवरून सुटला तर एका बाजूला बाहेरची स्वस्थ हवा लागते आणि जाड थेंब तिथूनच येतात. कडीने अडवलेली जागा जेमतेम आठ टक्के, उलट वेग थोडा चढेल.

हवेचं वजन पाण्याच्या बारापट पडतंय. पाच पटीच्या वर फार फायदा नाही आणि दोनच्या खाली थेंब झपाट्याने बिघडतात, असं आपण शिकलो. बारा आहे म्हणून मी निर्धास्त नाही. त्यातली बरीच हवा पडद्याला स्पर्श न करता मधून निघून जाते. तुझ्या रिगवर ओठाच्या दोन्ही बाजूंचा वेग मोजून दे, मला खरा आकडा तोच हवा.

थेंब मी इथे मोजीन. काचेवर मॅग्नेशियमची फीत जाळून पांढरा थर देते, थेंब पडला की खड्डा होतो. खड्ड्याच्या व्यासाला ०.८६ ने गुणलं की थेंब. हे काम मला अजून आवडतं. बाहेरचा तुरा, आतली फांदी आणि शेंडा, तिन्ही ठिकाणी काचा टांगायच्या आणि ७५ चा तुकडा, ६३ चं तोंड व तुझी कडी यांची तुलना करायची. तीन काचा शेजारी शेजारी ठेवल्या तर वाडीतल्या माणसाला वेबर सांगावा लागणार नाही. आकड्यांनी ते मानत नाहीत, डोळ्यांनी बघतील तर मानतील. तोवर निदान ७५ चे तुकडे काढून टाका एवढंच मी दारोदार सांगतेय. दोघांनी काढले.

तुझी बदली झाली का? चिनूची दहावी म्हणजे यंदा तुम्ही मे महिन्यात येणार की नाही तेही कळव. तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू निघाला ते दादाकडून कळलं, छान झालं. मिस्टरांना म्हणावं, पेटी पाठवतेय, पण पहिली तोड येऊ दे. अक्काशी तू अजून बोलत नाहीस, ते आता पुरे कर बाई.

कडी एसटीच्या पार्सलने पाठव, कुरियरवाला खारेपाटणला टाकून मोकळा होतो. ओठाला कापूस आणि वर जाड पुठ्ठा लाव, वाटेत दबला तर सगळी मेहनत गेली. काकांना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

तुझी,
सुमा

ता.क. गाळणी ५० मेशची बसवतेय, तिची जाळी ०.३ मिलिमीटरची. दीड मिलिमीटरच्या भोकाला ती पुरेल, पण गंधकाचा गाळ भोकात नाही तर मागच्या खाचेत बसेल असं वाटतं. खाचेच्या तळाला धुण्यासाठी एक स्क्रूचं बूच ठेवता येईल का बघ. चार मिलिमीटरचं पुरे.